शेणोलीचा बोगदा

दिल्लीची थंडी जाते तेव्हा सांगून जात नाही. एक दिवस आपण सवयीनं शाल घेऊन बाल्कनीत बसतो, मटार सोलायला घेतो, आणि पाचव्या-सहाव्या शेंगेला लक्षात येतं की पाठ तापते आहे. शाल खांद्यावरून खाली सरकते ती पुढच्या नोव्हेंबरपर्यंत. धुकं गेलेलं असतं. समोरच्या टॉवरचे मजले पुन्हा मोजता येतात. कठड्याकठड्यांवर रजया उन्हाला पडतात, खाली बागेत डेलिया माना टाकायला लागतात, आणि लिफ्टमध्ये भेटणारी सतरा वर्षांची मुलं एकाएकी म्हाताऱ्या माणसांसारखी दिसायला लागतात. बोर्डाची परीक्षा आली.

या दिवसांत माझ्या पोटात एक गोळा येतो. माझं वय बहात्तर. मला कुठलाही पेपर द्यायचा नाही, आणि जे दिले ते बरे गेले नव्हते तरी कुणाचं अडलं नाही. पण गोळा येतो. तीसेक वर्षांपूर्वीच्या एका फेब्रुवारीत तो आला आणि नंतर भाडेकरूसारखा टिकला. अकरा महिने दिसत नाही. बाराव्या महिन्यात पिशवी घेऊन हजर.

यंदा तो जरा लवकरच आला, कारण नात बारावीला आहे आणि आमच्याकडे राहायला आली आहे. ईरा तिचं नाव. गुडगावला त्यांच्या वरच्या मजल्यावर फरशा फोडण्याचं काम चालू आहे. ड्रिलच्या आवाजात फिजिक्स डोक्यात शिरत नाही म्हणते. आमच्या नोएडाच्या या फ्लॅटमध्ये तिला द्यायला एकच खोली. आणि त्या खोलीत माझी रेल्वे.

रेल्वे म्हणजे खेळण्यातली, असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही. इंजिन वीतभर, डबे वीतभर, फलाट हाताच्या पंजाएवढा, हे सगळं खरं. पण सिग्नलचा हात पडल्याशिवाय माझी गाडी हलत नाही, आणि हे शिस्तीचं म्हणाल तर खऱ्या रेल्वेबद्दलही छातीठोकपणे कोण सांगेल. खोलीच्या तीन भिंतींना लागून ती फिरते. चौथ्या भिंतीला बाल्कनीचं काचेचं दार आहे. गेली दोन वर्षं माझा डोळा त्या दारावर आहे. खालच्या पट्टीत एक भोक पाडलं की एक फाटा बाल्कनीत नेता येईल, तुळशीच्या कुंडीला वळसा घालून परत आत. ऊन, वारा, खरी माती. मी नकाशाही काढून ठेवला होता. आमचे हे त्याला ‘रेल्वेमंत्र्यांचा अर्थसंकल्प’ म्हणतात आणि पेपर उघडून तोंड झाकून घेतात.

वाढवण्याची ही खाज मला कळत नाही, असं मी म्हणणार नाही. चांगली कळते. ती कुठून सुरू झाली तेही माहीत आहे.

तेव्हा आम्ही सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये होतो. दोन खोल्या, एक पडवीवजा व्हरांडा, समोर कडुलिंब. मुलगी मुग्धा आठ वर्षांची असताना ह्यांना ऑफिसच्या कामासाठी जर्मनीला जायला मिळालं, आणि तिच्यासाठी ह्यांनी तिथून एक आगगाडी आणली. गोल रूळ, हिरवं इंजिन, तीन डबे. मुग्धा दोन दिवस खेळली आणि तिसऱ्या दिवशी खाली लंगडी खेळायला निघून गेली. दुपारी ओटा आवरून मी जेवणाच्या टेबलाशी आले आणि सहज बटण दाबलं. गाडी फिरायला लागली. फिरतच राहिली. घाण्याच्या बैलासारखी. मला ते बघवेना. गाडी म्हटली की ती कुठेतरी पोचली पाहिजे. ज्या मिठाच्या बरणीपासून निघाली त्याच बरणीपाशी परत येण्यात काय अर्थ? इतकंच वाटलं. बाकी सगळं त्या एका वाटण्यातून झालं.

रूळ इकडे मिळत नसत. पण सरकारी ऑफिसात तेव्हा एक पद्धत होती, अजूनही असेल: कुणी परदेशी दौऱ्यावर निघालं की सगळ्या बायका आपापली चिठ्ठी पाठवायच्या. कुणाला अत्तर, कुणाला चॉकलेटं, कुणाला न चुरगळणारी साडी. माझ्या चिठ्ठीत असायचं, ‘वळणाचे रूळ चार, सरळ सहा, एक सांधा डावीकडचा.’ ह्यांच्या साहेबांनी एकदा ती चिठ्ठी वाचून ह्यांना बाजूला घेऊन विचारलं होतं, “सब ठीक है ना घर में?” हे म्हणाले, “जी सर, बिल्कुल. बस, लाइन बढ़ रही है.”

लाइन वाढतच होती. जेवणाच्या टेबलावरून ती फळ्यांवर आली, फळ्यांवरून आतल्या खोलीत. पहाडगंजच्या ठोक दुकानांतून मी लग्नाच्या रोषणाईचे बारके दिवे आणायची आणि ते फलाटावर लावायची. सरोजिनी मार्केटमधल्या कापडवाल्याकडून हिरव्या मखमलीच्या चिंध्या आणल्या, त्यांची शेतं झाली. दाराशी दिल्ली होती. दिल्ली काय, कुणालाही करता येते. मला करायचं होतं शेणोली.

शेणोली हे माझ्या माहेरचं स्टेशन. पुणे-मिरज लाइनवर, सातारा जिल्ह्यात. वडील शाळेत गणित शिकवायचे आणि शाळेच्या खिडकीतून फलाट दिसायचा. एक बाभूळ, एक बाक, एक काळी पाटी. तिच्यावर खडूनं गाडीची वेळ लिहायचे, आणि कुठली गाडी किती उशिरा हेही. लग्न होऊन मी त्या फलाटावरून जी निघाले ती दिल्लीलाच उतरले. तेव्हा माझ्या मनात एक सोपा हिशेब होता: दाराशी दिल्ली आहे, खिडकीशी शेणोली झालं, की गाडी पोचेल. मग मी थांबेन.

खिडकीशी मुग्धाचं अभ्यासाचं टेबल होतं.

आता इथे मला त्या चाळिशीच्या बाईबद्दल दोन शब्द बोललं पाहिजे. ती वाईट नव्हती. तिचा स्वयंपाक वेळेवर व्हायचा, मुलीचे केस ती रोज घट्ट विंचरून द्यायची, मुलीच्या मार्कांची फुशारकी मारण्यात तर तिचा हात कुणी धरला नसता. फक्त तिचं डोकं म्हणजे फणसासारखं: बाहेरून संसाराचे काटे, आत नुसते गऱ्यांना गरे लागून रूळ. मुग्धा बारावीला गेली त्या वर्षी दसऱ्याला तिनं, म्हणजे मी, मुलीचं टेबल ‘थोडे दिवस’ घेतलं. वर शेणोलीचा फलाट बसवला. बाभूळ लावली. मुलगी दिवाणावर मांडी घालून अभ्यास करू लागली, आणि थंडी वाढली तशी रेल्वेच्या फळ्यांच्या खाली चटई टाकून, तारांचा हिटर पायाशी घेऊन. “खाली हिटर, वर सगळा हिंदुस्थान,” मी आल्यागेल्याला कौतुकानं सांगायची. शेजारच्या चड्ढाबाई वाकून खाली बघायच्या आणि म्हणायच्या, “बेचारी.” मला वाटायचं, त्या गंमत करताहेत.

दिवाळीला मी आणखी एक पराक्रम केला. आपल्याकडे दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करतात. दिल्लीतही मी दरवर्षी कडुलिंबाखाली करायची आणि येणारेजाणारे त्याला मिट्टी का ढेर म्हणायचे. त्या वर्षी मला वाटलं, किल्ला बाहेर कशाला? दिल्ली आणि शेणोलीच्या मधे डोंगर हवाच आहे. मग रेल्वेच्या फळीवरच विटा रचल्या, चिखलात बुडवलेलं गोणपाट त्यावर टाकलं, आणि त्यावर हळीव पेरले. किल्ल्यावर हळीव पेरायचेच असतात. चार दिवसांत हिरवंगार उगवतं आणि दिवाळी संपली की किल्ला मोडायचा असतो. हे दुसरं वाक्य मी विसरले. रोज सकाळी मी देवपूजेच्या आधी डोंगरावर पाणी शिंपडत होते. तुळशीच्या लग्नापर्यंत सह्याद्री असा काही हिरवा झाला की माझे डोळे भरून आले. डिसेंबरात फळी फुगून वर आली, रूळ वाकडे झाले, इंजिनाची चाकं गंजली आणि गोणपाटातून मुंग्यांची रांग निघून थेट शेणोलीपर्यंत गेली. आमच्या रेल्वेचे तेवढेच प्रवासी खरेखुरे पोचले म्हणायचे.

शहाण्या बाईनं तिथे थांबायला हवं होतं. जानेवारीत, धुक्यानं खिडकीची काच पांढरी असताना, मुग्धानं एकदा विचारलं, “आई, माझं टेबल कधी मिळेल?”

“शेणोली झालं की देते.”

“आणि शेणोली कधी होईल?”

“डोंगर झाला की.”

ती “अच्छा” म्हणाली आणि पुन्हा चटईवर जाऊन बसली. त्यानंतर तिनं विचारलं नाही. कटकट करणारी मुलं परवडतात. एकदाच विचारणारी मुलं धोक्याची, हे मला कुणी तरी तेव्हा सांगायला हवं होतं.

डोंगर या खेपेला मी कोरडा करायचा ठरवला. माती नको, पाणी नको. जाळीचा सांगाडा, त्यावर कागद आणि खळ. खळ म्हणजे कणीक पाण्यात शिजवून केलेली चिकट लापशी; लहानपणी आम्ही तिच्यानं पतंग चिकटवायचो. त्या फेब्रुवारीभर आमच्या घरात शिजलेल्या कणकेचा वास होता. त्यात गाजराच्या हलव्याचा, हिटरवर वाळणाऱ्या मोज्यांचा, आणि रजई उन्हातून आत आणली की येतो तो भाजक्या कापसाचा. अजूनही कुठे खळीचा वास आला की मला आधी शेणोली आठवतं, मग मुग्धाचे फळ्यांखालून बाहेर आलेले मोजे. दर चार दिवसांनी कागदांचा एक थर. कागद किती लागतात याला काही मर्यादा नसते. वर्तमानपत्रं संपली. मासिकं संपली. मग मी खोलीच्या कोपऱ्यातल्या गठ्ठ्याकडे वळले. सराव पेपर, झेरॉक्स, फॉर्म. ‘रद्दी’ म्हणून मीच त्याला नाव दिलं आणि मीच ते फाडून पट्ट्या केल्या.

आता रविवार. दुसऱ्या दिवशी सकाळी मुग्धाचा पहिला पेपर.

दहाच्या सुमारास ऊन व्हरांड्यातून आत आलं होतं. हे पेपर वाचत होते. मुग्धा फळ्यांखालून बाहेर आली, गुडघ्यांवरची धूळ झटकली आणि शांतपणे म्हणाली, “आई, माझं ॲडमिट कार्ड दिसत नाहीये.”

“दप्तरात बघ.”

“बघितलं.”

“कंपासपेटीत.”

“तिथेही.”

ह्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. ह्यांनी वर्तमानपत्र आपणहून खाली ठेवलं की समजावं, गोष्ट गंभीर आहे. “शाळेतून दुसरं मिळेल,” हे म्हणाले, आणि मग त्यांचं त्यांनाच आठवलं की आज रविवार. शिपायाचं घर माहीत नाही, मुख्याध्यापिकेचा फोन लागत नाही. आम्ही कपाट उघडलं. गाद्या उलट्या केल्या. गहू-तांदळाच्या डब्यांच्या मागे, ट्रंकेत, शिवणाच्या मशीनच्या खणात. मी तोंडानं स्तोत्र म्हणत होते आणि डोळे चुकूनही त्या एका दिशेला जाऊ देत नव्हते. ती दिशा म्हणजे सह्याद्री. गुरुवारी मी त्या कोपऱ्यातला शेवटचा गठ्ठा फाडून डोंगरावर चिकटवला होता. त्यात काय काय होतं ते बघितलं नव्हतं.

माणसाला आपला गुन्हा आधी पोटात कळतो, डोक्यात नंतर जातो. तोच हा गोळा.

अकराच्या सुमारास मी बेसनाच्या वड्या कापायची लांब सुरी घेऊन आतल्या खोलीत गेले. डोंगर छान वाळला होता. वरून फिकट तपकिरी रंग, खाली हिरवट. एका बाजूला कडा तुटल्यासारखा केला होता तो तर मला स्वतःलाच खरा वाटायचा. सहा आठवड्यांचं काम. मी उभी राहिले. मग परत स्वयंपाकघरात गेले आणि चहा केला. हो, चहा केला. पोरीचं वर्ष जायची वेळ आणि ही बाई आलं किसते आहे. तो चहा मी तीस वर्षं गिळते आहे, अजून खाली गेलेला नाही.

चहा झाल्यावर मी पुन्हा गेले. आधी डोंगर टकटक वाजवून बघितला, जसं काही आतलं कार्ड ‘आत या’ म्हणणार होतं. मग एक छोटीशी चौकोनी खिडकी कापली, नंतर तुकडा परत चिकटवता येईल अशी. आत बोटं घातली. कागदाचा लगदा हाताला आला. वाचता येईना. मग माझ्या आत काही तरी तुटलं आणि मी सुरी दोन्ही हातांनी धरली. कडा गेला. उतार गेला. थराच्या थर सोलून काढले, कांद्यासारखे. आतून मुग्धाचा केमिस्ट्रीचा सराव पेपर निघाला, गॅसचा नंबर लावल्याची पावती निघाली, ह्यांचा रजेचा अर्ज निघाला. हा अर्ज ऑफिसात हरवला म्हणून ह्यांनी एका कारकुनाशी महिनाभर अबोला धरला होता. कार्ड नव्हतं. मी जमिनीवर बसले. मांडीवर सह्याद्रीचे तुकडे, केसांत खळ.

दारातून मुग्धाचा आवाज आला. “आई, देव्हाऱ्यात बघितलंस का?”

देव्हाऱ्यात कागद कोण शोधतं? पण मी उठले. आणि गणपतीच्या खालचं लाल आसन उचललं तर त्याखाली ते होतं. फोटोच्या कोपऱ्याला हळद, वर कुंकवाचं बोट. ते बोट माझंच होतं. कार्ड घरी आलं त्याच संध्याकाळी, निरांजनाचं तेल लागू नये म्हणून, मी स्वतःच्या हातानं ते आसनाखाली सरकवलं होतं. परीक्षेचं कार्ड आधी देवापुढे, अशी आमच्या घरची रीत. देवाला नमस्कार केला असेल, घंटा वाजवली असेल, आणि वळता वळता मनात पुढचा थर आला असेल. मुलीचं भविष्य देवावर सोपवून ती बाई खळ ढवळायला गेली.

त्या दिवशी मी देव्हाऱ्यासमोर जी रडले ती भीती सुटल्याचं रडणं होतं. हे म्हणाले, “अगं, मिळालं ना?” मुग्धानं कार्ड दप्तरात ठेवलं, भात-आमटी दोनदा घेऊन जेवली आणि फळ्यांखाली जाऊन बसली. तिथे तिला बसू दिलं नाही. जेवण झाल्या झाल्या मी शेणोली उचललं. बाभूळ, बाक, काळी पाटी, सगळं ट्रंकेवर नेऊन ठेवलं. टेबल पुसलं, खिडकीशी सरकवलं. बाहेर कडुलिंबाची पानं गळायला लागली होती. दिल्लीत पानगळ वसंतात होते. जगात सगळीकडे झाडं थंडीला भिऊन पानं टाकतात, इथे थंडी गेल्याचा सुस्कारा म्हणून टाकतात. पुढचा महिनाभर ती पिवळी पानं उडत उडत तिच्या टेबलावर यायची. ती एकेक वहीत खूण म्हणून घालून ठेवायची.

पेपर बरे गेले. ती शिकली, नोकरीला लागली, लग्न केलं, गुडगावला घर घेतलं. क्वार्टर सोडून आम्ही नोएडाला आलो. कुणी त्या रविवाराचं नाव काढलं नाही. पण रेल्वेचा एक नवा तुकडा बसवला की मला दरवेळी वाटायचं, या फळीखाली कुणी बसलेलं तर नाही ना. आणि एक प्रश्न तसाच राहिला. त्या दिवशी कार्ड खरंच डोंगरात असतं, आणि मी आणखी एक चहा केला असता, तर? या मुलीला कधी वाटलं असेल का, की आईला मुलगी आणि शेणोली यांतून एक निवडायची वेळ आली तेव्हा तिनं आलं किसलं?

म्हणून यंदा ईरा येणार म्हटल्यावर मी बाल्कनीचा नकाशा गुंडाळून कपाटावर टाकला. रेल्वेची खिडकीकडची बाजू मोकळी केली, शेणोली उचलून पुस्तकांच्या मांडणीवर ठेवलं. ईरा बॅग घेऊन आत आली आणि तिचा चेहराच पडला.

“आजी, यार, हे काय केलंस? मी तर म्हटलं मी खाली बसेन.”

“खाली कुठे?”

“फळ्यांच्या खाली. मम्मी सांगते ना, बेस्ट जागा आहे. कोणी डिस्टर्ब करत नाही, वरून गाडीचा आवाज येतो, कळतं की टाइम चाललाय.”

“मम्मी असं सांगते?”

“हमेशा.” तिनं बॅग फळ्यांखाली ढकललीसुद्धा. “आणि हे बिचारं स्टेशन परत लाव. ट्रेन कुठे जाणार आता?”

आज रविवार. उद्या तिचा पहिला पेपर. मुग्धा सकाळीच गुडगावहून मेट्रोनं आली, लेकीला न्याहाळायला. आम्ही दोघी बाल्कनीत मटार सोलत होतो. हे आत पेपराआड. ईरा फळ्यांखाली, काचेतून तिचे मोजे दिसत होते. पाठ तापली, शाल सरकली, आणि मी कसं कोण जाणे, विचारून टाकलं.

“मुग्धा, तुला तो रविवार आठवतो? तुझं कार्ड हरवलं होतं तो?”

“हरवलं नव्हतं.” ती शेंग सोलतच होती. “मला माहीत होतं कुठे आहे ते. तू ठेवलंस तेव्हा मी मागे उभी होते.”

माझ्या हातातले दाणे ताटात न पडता खाली पडले आणि टणाटण उड्या मारत तुळशीच्या कुंडीकडे गेले.

“माहीत होतं? मग बोलली का नाहीस?”

“बघायचं होतं.”

“काय?”

“डोंगर फोडतेस का ते.”

खाली बागेत कुणी तरी मुलाला हाका मारत होतं. मुग्धा खाली पडलेले दाणे एकेक करून वेचायला लागली, वर न बघता. “सतरा वर्षांची होते गं. चार महिने तुझ्या फलाटाखाली बसले होते. वाटायचं, हिला माझ्यापेक्षा शेणोली जास्त. म्हटलं बघू या तरी.”

“मी मधे चहा केला होता.” एकदाचं ते बाहेर पडलं.

“माहीत आहे. आलं पण किसलंस.” आता ती हसली. “मी दाराआडून बघत होते. सुरी ठेवून गेलीस तेव्हा म्हटलं, संपलं. मग परत आलीस. मग ती टकटक. मग ती एवढीशी खिडकी. आई, खरं सांगू, त्या खिडकीला मला हसू यायला लागलं होतं. मग तू दोन्ही हातांनी धरलीस सुरी, आणि...” तिनं हातानं केलं, उभा वार. “झालं माझं. तेवढंच हवं होतं. तू रडवेली होऊन बसलीस तेव्हा मलाच कसंसं झालं, म्हणून सांगितलं देव्हाऱ्यात बघ म्हणून.”

“कार्टे.”

“हं.”

“माझी तीस वर्षं गेली त्या चहात.”

“आणि माझा पेपर मस्त गेला.”

मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट पोटातला तो जुना भाडेकरू उठला, त्यानं आपली पिशवी घेतली, आणि दार न आपटता निघून गेला. बरं वाटण्यालासुद्धा थोडा वेळ लागतो, या वयात तर जास्तच. मला वाटत होतं मी परीक्षेत नापास झाले आणि कुणी निकाल लावला नाही. इथे निकाल त्याच दिवशी, त्याच दारात लागला होता. मलाच गुणपत्रिका आत्ता मिळाली.

तरी एक गोष्ट मी पोटात ठेवणार होते. ती म्हणजे, दोन्ही हातांनी वार केला तेव्हा सुरी पलीकडे निघाली आणि डोंगरातून आरपार उजेड आला. पोरीचं कार्ड सापडत नव्हतं, आणि तशातही त्या बाईच्या मनात एका पळापुरतं येऊन गेलं, की इथून बोगदा काढला तर शेणोली किती जवळ येईल.

मुग्धा ताट झटकत म्हणाली, “आणि तू वाकून आरपार बघितलंस, तेही बघितलं मी.”

आत, मांडणीवरून परत आपल्या जागी बसलेल्या शेणोलीकडे जाणारा तो बोगदा इथूनही दिसतो. उरलेल्या डोंगरातूनच मी तो पुढे उन्हाळ्यात काढला होता. मुग्धानं त्याची कमान रंगवून दिली होती. तेव्हा मला वाटलं होतं, मुलीनं माफ केलं वाटतं. तिला माफ करण्यासारखं काही उरलंच नव्हतं, हे मला कुठे माहीत.

तिनं उठून बाल्कनीचं दार पुढेमागे सरकवून बघितलं, खालच्या पट्टीवर बोट फिरवलं. “इथून फाटा काढायचा म्हणतेस ना? बाबांनी फोनवर सांगितलं. चढ जास्त होईल. कुंडी खाली घ्यावी लागेल.”

“पेपर होऊ देत आधी,” मी म्हणाले. हे वाक्य माझ्या तोंडून इतकं शहाण्या बाईसारखं आलं की आत वर्तमानपत्र एकदम खाली गेलं आणि ह्यांनी चष्म्यावरून बघितलं.

तेवढ्यात फळ्यांखालचे मोजे हलले. ईरा रांगत बाहेर आली, गुडघे झटकले आणि दारात उभी राहिली.

“आजी, माझ्या ॲडमिट कार्डचा प्रिंटआउट दिसत नाहीये.”

मुग्धानं शेंग हातात तशीच धरली आणि माझ्याकडे बघितलं. तिला अजून बघायचंच होतं.

“देव्हाऱ्यात आहे,” मी म्हणाले. “गणपतीच्या आसनाखाली. कुंकू ओलं असेल, कोपऱ्याला धरून उचल.”

ईरा गेली. आणि मी शाल बाजूला टाकून पुढची शेंग घेतली.